राईतली हाक

“इंग्रजीत सॉरीपेक्षा मोठा शब्द कुठला, आक्का?”

चैत्राली विचारतच अंगणात आली. एक चप्पल इकडे, एक तिकडे.

इंदूआक्का खोपटापुढे बसल्या होत्या. पुढ्यात वाळकी झावळ, हातात सुरी. एकेक पात सोलायचं, मधला हीर काढून बाजूला ठेवायचा. नवा खराटा बांधायला घेतला होता.

“मोठा म्हणजे केवढा?”

“जुबेदा ऐकेल एवढा.”

“मग लहान बघ एखादा,” आक्का म्हणाल्या आणि पुढचं पात सोलायला घेतलं.

चैत्रालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण राग काढायचा कुणावर? वेळणे गावात चांगलं इंग्रजी येणारं माणूस एकच, ते हेच. आक्कांनी उभा जन्म शहरातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेला. कानाला यंत्र लावायचं, ट्रंककॉल जोडून द्यायचे, इकडच्या माणसाला तिकडचं माणूस मिळवून द्यायचं. नोकरी सरली तशी गावी आल्या, पण घरात काही शिरल्या नाहीत. देवराईच्या कडेला खोपट बांधलं. दोन लुगडी, एक कळशी, राईतल्या देवीपुढे दिवा आणि गावच्या पोरांना फुकट इंग्रजी. लोक म्हणत, आक्का जोगीण झाली. आक्का म्हणत, जोगीण कसली गो, ऑपरेटर होते, ऑपरेटरच आहे.

शिकवायची तऱ्हाही तशीच. दोन पोरं पाठीला पाठ लावून बसवायची. एकानं इंग्रजीत काही बोलायचं. दुसऱ्यानं आधी ते ऐकलेलं जसंच्या तसं परत सांगायचं, मग आपलं उत्तर द्यायचं. परत सांगता आलं नाही तर उत्तर देण्याचा हक्क गेला.

चैत्राली आणि जुबेदा अशाच पाठीला पाठ लावून मोठ्या झालेल्या. चैत्रालीचं इंग्रजी धो धो. जुबेदाचं थेंब थेंब.

“आतापर्यंत काय काय म्हणालीस?”

“सॉरी म्हटलं. व्हेरी सॉरी म्हटलं. एक्स्ट्रीमली सॉरी लिहून पाठवलं, खाली गुलाब लावून.”

“गुलाब आणलास कुठून?”

“मोबाइलमध्ये असतोच.”

“वास येतो?”

“आक्का!”

“बरं, बरं. मग ती काय म्हणाली?”

“काय म्हणणार? फोन बंद करून बसलीय. घरी गेले तर तिची अम्मी म्हणते, बाहेर गेली. सकाळी गेलं तरी बाहेर, संध्याकाळी गेलं तरी बाहेर. मला तोंड दाखवायचं नाही, दुसरं काय.”

“त्याच्या आधीचं विचारते. शेवटचं तोंड उघडलं तिनं, तेव्हा काय म्हणाली?”

“भांडली.”

“काय म्हणून?”

चैत्राली आठवायला लागली. भांडण शाळेच्या पायरीवर झालं ते आठवलं. जुबेदाची ओढणी सारखी सरकत होती तेही आठवलं. आपण काय बोललो ते तर शब्दन् शब्द आठवलं. तिचं मात्र…

“असंच काहीतरी. जळली असेल माझ्यावर.”

आक्कांनी हीर सोलला. बाजूला ठेवला.

“परत सांगता येत नाही म्हण की.”

…

आता भांडण कशावरून, ते सांगायला हवं.

वेळण्याच्या राईत एक म्हातारा बेहडा आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची जोडी घर करते. गावात त्याला गरुडच म्हणतात. मोठी चोच, त्या चोचीवर आणखी एक टोप. या पक्ष्याचा संसार जगावेगळा. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. उघडी ठेवते ती बोटभर चीर. पुढे सगळं नरावर. तो उंबरं आणतो, वडाची फळं आणतो, त्या चिरेतून तिला भरवतो. पिल्लं झाली की त्यांनाही. तो आला तर ती जगली. आतून बाहेर बघायला ती चीर, आणि बाहेरून आत यायला त्याची हाक. एवढंच तिचं जग.

हे घरटं गेल्या वर्षी जुबेदानं शोधलं. दाखवलं फक्त चैत्रालीला. दोघींनी देवीपुढे शपथ घेतली, तिसऱ्याला सांगायचं नाही.

यंदा तालुक्याला स्पर्धा निघाली. दोघी मैत्रिणींनी मिळून इंग्रजीत छोटी फिल्म करायची, विषय आपल्या गावचा निसर्ग. जिंकतील त्यांना सुट्टीत महिनाभर पुण्यात राहून इंग्रजी शिकायला मिळणार. चैत्रालीला दुसरं काही सुचेना. जुबेदा म्हणाली, घरटं नको, आपण ओढ्यावर करू. चैत्रालीनं हो म्हटलं, आणि एकटीच राईत गेली.

नर लवकर येईना. आला तरी पानाआड बसायचा. मग तिनं मोबाइलवर धनेशाची हाक शोधली. दगडावर फोन ठेवला, आवाज पुरता वाढवला आणि लावली.

नर आला की! वादळासारखा आला. आपल्या झाडापाशी दुसरा कोण शिरला म्हणून चवताळून आला. अगदी समोरच्या फांदीवर बसून मान फिरवून फिरवून बघायला लागला. चोचीत धरलेलं उंबर खाली पडलं. चैत्रालीनं घरून आणलेल्या बाबांच्या फोनवर सगळं टिपलं. हवं तसं मिळेपर्यंत पुन्हा लावली. पुन्हा आला. पुन्हा लावली.

फिल्म अशी झाली की बघणाऱ्यानं बघत राहावं. वर दोघींची नावं घातली आणि चैत्रालीनं ती सगळीकडे पाठवली. गावची माणसं आली, शेजारच्या गावची आली, गाड्या घेऊन शहरातली आली. जो तो दगडावर फोन ठेवी आणि हाक लावी.

मग शाळेच्या पायरीवर ते भांडण झालं, आणि जुबेदा त्या दिवसापासून बोलेनाशी झाली.

…

“उद्या सकाळी स्पर्धेचे खांबेटे सर येणार आहेत,” चैत्राली म्हणाली. “मोठा कॅमेरा घेऊन. अंतिम फेरीसाठी घरट्याजवळ आम्हा दोघींना उभं करून बोलायला लावणार. दोघी लागतात, आक्का. एकटी चालत नाही, नियमच आहे. तुमचा शब्द जुबेदा मोडणार नाही. उद्यापुरतं तरी सांगा तिला.”

“उद्यापुरतं?”

“म्हणजे… नंतर मी तिची समजूत काढेनच.”

“आणि गरुड?”

“त्याचं काय?”

“येतो?”

“येत असेल की. मी परत गेलेच नाही.”

आक्कांची सुरी थांबली. चैत्रालीला वाटलं, आता ओरडतील. पण सुरी पुन्हा चालायला लागली.

“राईचा नियम माहीत आहे ना, बाय?”

“कोणता? चपला काढायच्या, काडी तोडायची नाही…”

“तिसरा.”

“कुणाला नावानं हाक मारायची नाही.”

“पुढे?”

“मारलीच तर समोर जाऊन मारायची.”

ही वेळण्याची जुनी चाल. राईत पोर चुकलं तरी आई लांबून ओरडत नाही, शोधत जाते. समोर उभी राहून नाव घेते. का, ते कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं राईचा राखणदार देवचार ओ देतो, कुणी म्हणतं देवीची झोप मोडते.

“मी नियम पाळला हो, आक्का! कुणाचंही नाव नाही घेतलं. नुसता पक्ष्याचा आवाज लावला. पक्ष्याला काय नाव असतं?”

आक्का हसल्या. पहिल्यांदाच.

“तू इंग्रजी सोड, वकिली कर.”

“हसू नका ना. आमची मैत्री कशी होती ते तुम्हाला काय माहीत. हे बघा.”

तिनं मोबाइल काढला. मागचे, त्याच्या मागचे, गेल्या वर्षीचे निरोप वर सरकवत गेली. जुबेदा लिहायची कमी, बोलून पाठवायची. चैत्रालीनं एकावर बोट ठेवलं.

“चैतूऽऽ! ये गो, ये लवकर! मी इथंच उभी आहे!”

घरटं सापडलं त्या दिवशीचा आवाज. धापा टाकणारा, हसू न आवरणारा. अंगणात जुबेदाच येऊन उभी राहिल्यासारखं झालं.

“असं बोट ठेवलं की बोलतं?” आक्कांनी विचारलं.

“हो.”

“ती इथं नसताना?”

“तीच तर गंमत आहे.”

“आमच्या वेळी नव्हतं असं. दोन्हीकडे माणूस आहे की नाही ते बघितल्याशिवाय आम्ही लाइन जोडत नसू… बरं, कळशी रिकामी आहे. वहाळावरून भरून आण.”

“फोन?”

“ठेव इथंच. पाण्यात पडायचा.”

…

वहाळ खालच्या अंगाला. पाणी उन्हाळ्यानं बारीक झालेलं. कळशी भरायला वेळ लागतो. चैत्राली दगडावर उकिडवी बसून पाण्याची धार बघत होती. डोक्यात एकच. उद्या. सर. जुबेदा. पुणे.

आणि वरून आवाज आला.

“चैतूऽऽ!”

तिनं मान वर केली.

“ये गो, ये लवकर! मी इथंच उभी आहे!”

कळशी हातातून सुटली. कलंडली, गडगडत गेली. चैत्रालीला शुद्ध कुठली? वाटेनं वळसा पडला असता, ती सरळ करवंदीच्या जाळीत घुसली. काटे लागले, बाही फाटली, एक पाय घसरला. “आले! जुबू, आले गो!” ओरडतच होती. माफीचे सगळे शब्द विसरली होती. नुसती मिठी मारायची होती.

वर आली.

राईच्या हद्दीवर एक जुना दगड उभा आहे. दगडावर मोबाइल होता.

“मी इथंच उभी आहे!” मोबाइल म्हणाला.

चैत्राली दगडाभोवती फिरली. झाडामागे बघितलं. जाळीत बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली. जुबेदा कुठंच नव्हती.

मोबाइलला हात पुरेल एवढ्या अंतरावर आक्का बसल्या होत्या. मांडीवर झावळ.

“फसवलंत मला!”

“मी? मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“जुबेदाचा आवाज लावलात!”

“तिचाच होता ना? खोटा तर नव्हता?”

“तिचाच होता! पण ती नव्हती ना इथं! मी कशी धावत आले ते…”

आणि ती थांबली.

वाक्य अर्ध्यात राहिलं. हात हवेत तसाच राहिला. कोपरावरून रक्ताची बारीक रेघ उतरत होती, तिच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती राईकडे बघत होती. बेहड्याचा शेंडा तिथून दिसतो.

वारा आला, गेला.

“फांदीवरून… त्यानं मान अशी फिरवली होती, आक्का. अशीच. पुन्हा पुन्हा. चोचीतलं उंबर पडलं त्याच्या… मी हसले होते.”

आक्का उठल्या. लुगड्याच्या पदरानं तिचं कोपर पुसलं. मग दोघी जमिनीवर बसल्या. आक्कांनी तिला खांद्याला धरून फिरवलं, आणि आपली पाठ तिच्या पाठीला लावली. वर्गात बसवायच्या तशी.

“शाळेच्या पायरीवर जुबेदा काय म्हणाली?”

चैत्रालीनं डोळे मिटले. या वेळी शब्द आले. एकेक करून आले, जुबेदाचे शब्द येतात तसे, थेंब थेंब.

“म्हणाली… नर येत नाही.”

“मग तू?”

“मी सॉरी म्हटलं.”

“परत सांग. ती काय म्हणाली?”

“म्हणाली, नर येत नाही. माणसं सारखी हाक लावतात, तो घाबरलाय. ती आत उपाशी आहे.”

“मग तू?”

“मी म्हटलं, सॉरी म्हटलं ना, आता आणखी काय करू.”

“ती काय म्हणाली?”

“तेच. ती आत उपाशी आहे.”

पाठीला पाठ लागलेली. आक्कांचा श्वास चैत्रालीला कळत होता. सावली दगडावरून खाली उतरली.

मग चैत्राली उठली. खाली जाऊन कळशी शोधली. भरली. वर आणून ठेवली. मोबाइल घेतला आणि फिल्म होती तिथून तिथून काढून टाकली.

“लोकांच्या फोनमध्ये असेलच ती,” ती म्हणाली. “येणारे येतच राहतील.”

“येतील.”

“मग वाटेवर कुणीतरी बसायला हवं.”

आक्का खोपटात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात गोणपाट होतं.

“जमीन टोचते तिथं,” म्हणाल्या.

…

सकाळी जीप आली. खांबेटे सर उतरले, कॅमेरावाला उतरला, मागून मोठा स्पीकर उतरला.

वाटेच्या मधोमध गोणपाटावर चैत्राली बसली होती. शेजारी आक्कांनी बांधलेला नवा खराटा.

“अरे वा, स्वागताला!” सर म्हणाले. “दुसरी कुठाय?”

“सर, घरटं दाखवणार नाही.”

“म्हणजे?”

“वर कुणी जायचं नाही. पिल्लं व्हायची वेळ आहे, आणि नर येत नाही. माझ्यामुळे येत नाही.”

सर हसले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. “हे बघ, पाच मिनिटांचं काम. आणि पुण्याचं कळतंय ना तुला? अंतिम फेरी सुटेल.”

“कळतंय.”

“स्पर्धा इंग्रजीची आहे. काय सांगायचं ते इंग्रजीत सांग बघू. रेकॉर्ड करून घेतो. समितीला दाखवायला तरी होईल.”

“नो.”

“पूर्ण वाक्यात.”

“नो, सर.”

कॅमेरावाला खो खो हसला. सरांनाही हसू आलं, ते त्यांनी गिळलं. मग ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, खालून वहाळाच्या कडेनं पण वाट जाते म्हणतात.” सगळे जीपमध्ये बसले आणि जीप खाली वळली.

खालची वाट! ती चैत्रालीच्या ध्यानातच नव्हती. राईतून आडवं जावं तर पळता येत नाही, पाचोळा वाजतो. तिनं खराटा उचलला आणि कडेकडेनं धूम ठोकली. कालच्याच करवंदी, कालचेच काटे. खाली पोचली तेव्हा जीप वळून परत चालली होती. चाकांची धूळ अजून खाली बसायची होती.

वाटेवर मेस बांबूच्या काठ्या आडव्या बांधलेल्या. त्यांच्या पाठीशी दगडावर जुबेदा बसलेली. ऊन लागून चेहरा काळवंडलेला. पायाशी पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं. दगडालगतचं गवत बसून बसून पार चेपलेलं. एका दिवसात गवत तसं होत नाही.

चैत्राली बघत राहिली.

सकाळी बाहेर. संध्याकाळी बाहेर.

सॉरी ओठापर्यंत आलं. मोठं आलं, लहान आलं. तिनं सगळं मागे ढकललं.

“नर येत नाही,” ती म्हणाली. “ती आत उपाशी आहे.”

जुबेदानं तिच्याकडे पाहिलं. फाटलेल्या बाहीकडे पाहिलं. हातातल्या खराट्याकडे पाहिलं.

“वरच्या वाटेवर कोण आहे?” तिनं विचारलं.

“मी.”

“मग इथं काय करतेस?”

चैत्राली उलट्या पावली पळाली.

खोपटाशी आक्का दिवा घासत होत्या. चैत्राली धापा टाकत थांबली.

“तुम्हाला माहीत होतं! जुबेदा कुठं जाते ते माहीत होतं, आणि मला सांगितलं नाहीत!”

“तू विचारलंस कुठं? तू शब्द विचारलास.”

…

पुढे किती दिवस गेले ते कुणी मोजले नाहीत.

एक वरच्या वाटेवर, एक खालच्या वाटेवर. मध्ये सगळी राई. हाक मारायची सोय नाही, फोन दोघींचे आक्कांच्या तांदळाच्या डब्यात. आलेल्या माणसाला कधी हात जोडायचे, कधी भांडायचं. शहरातल्या एका बाईनं पैसे देऊ केले. एका पोरानं मागून शीळ घातली, त्याला चैत्रालीनं खराटा दाखवला. गावात म्हणायला लागले, पोरी खुळावल्या. चैत्रालीचे बाबा दोनदा न्यायला आले. दुसऱ्यांदा आले ते येताना छत्री घेऊन आले, आणि ती ठेवून गेले.

स्पर्धेचा निकाल लागला. पुण्याला दुसऱ्या गावच्या पोरी गेल्या. चैत्राली त्या दिवशी रडली. गोणपाटावर बसूनच रडली, उठली नाही.

माणसं कमी झाली. मग थांबली.

नर दिसला नाही.

रोज उन्हं कलली की आक्का दोघींना भाकरी पोचवायच्या. आधी खाली, मग वर. त्या दिवशी वर आल्या तशी चैत्राली म्हणाली, “आक्का, आता तो येणारच नाही का?”

आक्कांनी भाकरीवर चटणी ठेवली.

“जुबेदा काय म्हणते?”

“मला काय ठाऊक? त्या दिवसानंतर ती अजून एक शब्दही बोललेली नाही.”

“तू?”

“मीही नाही.”

“मग एवढे दिवस भांडणाशिवाय कसे गो गेले?”

चैत्राली हसली. हसता हसता घास हातातच राहिला.

लांबून काहीतरी येत होतं. ओलं धोतर कुणी जोरजोरात झटकावं तसा आवाज. जवळ येत होता. झाडांच्या शेंड्यांवरून काळी पांढरी मोठी सावली सरकली. चोचीत काही लाल होतं. बेहड्यावर बसली.

मान इकडे झाली, तिकडे झाली.

चैत्राली ताडकन उठली. खालच्या वाटेवर जुबेदा होती, तिला दिसलं असेल का, तिला कळायलाच हवं, आत्ताच्या आत्ता कळायला हवं. तिनं छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं…

आक्कांचा तळहात तिच्या ओठांवर आला. त्याला चटणीचा वास होता.

“हाक त्याची आहे,” आक्का पुटपुटल्या. “त्यालाच मारू दे.”